कारखान्याचा धोका कागदावर कसा सापडला

आजच्या विषयाचे नाव वाचून हा तर इंजिनियरांचा विषय, आपणास त्याचे काय, असे काही श्रोत्यांच्या मनात आले असल्यास नवल नाही. परंतु तारापूर, डोंबिवली, रोहे, महाड, लोटे ही नावे आज रसायनांच्या कारखान्यांशी जोडली गेली आहेत, आणि या कारखान्यांच्या भिंतींपलीकडे माणसे राहतात, शाळा भरतात, बाजार भरतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात स्फोट झाले. त्या दोन्ही वेळी काचा फुटल्या त्या केवळ कारखान्यांच्या नव्हत्या. तेव्हा हा विषय आपणा नागरिकांचाही आहे, असे धरून आम्ही पुढे जातो.

अपघात होऊन गेल्यावर त्याचे कारण शोधणे ही विद्या जुनी आहे. कारखाना अजून नकाशावरच असताना, एक वीटही रचली गेली नसताना, त्यातील धोके हुडकून काढणे ही विद्या मात्र अवघ्या साठ वर्षांची. या दोहोंमधील वाट कशी चालली गेली, आणि चालताना एक महत्त्वाचा प्रश्न कसा हातातून गळून पडला, हे आज सांगावयाचे आहे.

प्रारंभ बंदुकीच्या दारूपासून करू. फ्रान्समधून अमेरिकेत गेलेल्या एल्यूतेर इरेने द्यू पाँ या गृहस्थाने १८०२ साली डेलावेअर राज्यात ब्रँडीवाइन नदीच्या काठी दारूचा कारखाना काढला. थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याच्या हाताखाली तो शिकलेला होता. दारू कुटण्याची घरे त्याने मोठ्या विचाराने बांधली. तीन बाजूंना जाड दगडी भिंती, आणि चौथी, नदीच्या अंगाची बाजू व वरचे छप्पर मुद्दाम हलके. दारू पेटली म्हणजे स्फोटाचा जोर हलक्या बाजूने नदीवर जावा आणि शेजारचे घर वाचावे, हा हेतू. स्फोट होणारच, हे यात गृहीत धरलेले आहे. त्याला फक्त वाट काढून दिलेली आहे. द्यू पाँचे स्वतःचे राहते घरही कारखान्याच्या वरच्या टेकाडावरच होते. मालक जेव्हा स्वतः स्फोटाच्या टप्प्यात राहतो तेव्हा भिंती जरा अधिक काळजीने बांधल्या जातात, असा आमचा कयास आहे.

पुढे नायट्रोग्लिसरीनचा काळ आला. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोम शहरात नोबेल कुटुंबाच्या कारखान्यात स्फोट झाला आणि आल्फ्रेड नोबेलचा धाकटा भाऊ एमिल त्यात दगावला. १८६७ साली नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले. त्यामुळे हा पदार्थ वाहून नेणे पूर्वीपेक्षा निर्धोक झाले, परंतु तो तयार करणे निर्धोक झाले नाही. ग्लिसरीन आम्लात मिसळताना उष्णता निर्माण होते. ती आटोक्याबाहेर गेली की सारे संपले. म्हणून मोठ्या भांड्यापुढे एक माणूस उष्णतामापकाकडे डोळे लावून बसे. त्याला डुलकी लागू नये म्हणून त्याला एकाच पायाचे स्टूल दिलेले असे. झोप लागली की तोल जाऊन माणूस खाली पडणार आणि जागा होणार! हे स्टूल ऐकून हसू येते. पण एक टनाच्या आसपास नायट्रोग्लिसरीन एका भांड्यात, सुमारे दोन तासांचे काम, आणि या साऱ्याचा भार एका माणसाच्या जागेपणावर, अशी ती व्यवस्था होती. त्या माणसाच्या जागी आपण स्वतःला बसवून पाहिले म्हणजे हसू ओसरते.

या काळातील मनोवृत्ती समजण्यास जर्मनीतील ओपाऊचे उदाहरण पुरे आहे. ऱ्हाइन नदीकाठच्या या गावी बी.ए.एस.एफ. कंपनीचा खतांचा मोठा कारखाना होता. अमोनियम सल्फेट व अमोनियम नायट्रेट यांचे मिश्र खत कोठारात साठवले की दगडासारखे घट्ट होई. ते फोडावयाचे कशाने? तर डायनामाइटच्या लहान सुरुंगांनी! असे सुमारे वीस हजार सुरुंग त्या ढिगांत उडवून झाले होते, आणि एकदाही विपरीत घडले नव्हते. २१ सप्टेंबर १९२१ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास ते घडले. कोठारात सुमारे साडेचार हजार टन खत होते, त्याचा काही अंशच उडाला असे मानतात. तेवढ्याने पाचशेवर माणसे मेली आणि गाव जमीनदोस्त झाले. वीस हजार वेळा काही झाले नाही, यावरून लोकांनी काम निर्धोक असल्याचे अनुमान काढले होते. त्यावरून खरे म्हणजे एवढेच सिद्ध होत होते की अजून काही झाले नव्हते. अनुभव हा गुरू खरा, परंतु ज्या धड्याची फी पाचशे प्राणांची आहे तो धडा त्या गुरूकडून घेण्यात शहाणपण नाही.

मग अनुभवाच्या आधी कसे शिकावे? या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडमध्ये १९६३ साली सापडले, आणि तेही जरा योगायोगाने. नोबेलच्या ब्रिटनमधील कंपनीसह चार मोठ्या कंपन्या एकत्र होऊन १९२६ साली इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज ही प्रचंड संस्था निर्माण झाली होती. तिच्या जड सेंद्रिय रसायनांच्या विभागात फिनॉल व ॲसिटोन तयार करणाऱ्या नव्या कारखान्याचा आराखडा चालला होता. त्या दिवसांत खर्च कमी करा, भांडवल कमी लावा, असा घोष होता, आणि आराखड्यातून नसले तरी चालेल असे सारे छाटून टाकलेले होते. ही छाटणी फार झाली की काय, अशी शंका काही जाणत्यांना येऊ लागली. त्याच सुमारास त्या कंपनीत कामाच्या पद्धतींचा अभ्यास करण्याचे एक तंत्र लोकप्रिय होते. कोणतेही काम घ्यावे आणि विचारावे: यातून काय साधते? त्याऐवजी दुसरे काय साधता येईल? हे असेच का? दुसऱ्या रीतीने का नाही? हे तंत्र फिनॉलच्या आराखड्याला लावून पाहावे, असे ठरले.

तीन माणसे आठवड्यातून तीन पूर्ण दिवस, असे चार महिने बसली. समोर नकाशांचे ढीग. प्रत्येक नळ, प्रत्येक व्हॉल्व्ह घेऊन प्रश्न विचारावयाचे. या कंटाळवाण्या उद्योगातून जे निघाले त्याने सारेच चकित झाले. कोणाच्या ध्यानीमनी नसलेले धोके आणि चालवताना येणाऱ्या अडचणी एकामागून एक बाहेर पडू लागल्या. पुढे या पद्धतीला व्यवस्थित रूप आले. आज ती ‘हॅझॉप’ या नावाने जगभर चालते, आणि आपल्याकडील मोठ्या कारखान्यांतही ती पाळतात.

तिचे मर्म फार सोपे आहे. नकाशावरील एक नळ घ्यावयाचा. त्यातून काय, किती, कोणत्या दिशेने जावे, हे आराखडा करणाऱ्याने ठरवलेले असते. त्या हेतूला काही ठरलेले शब्द लावून पाहावयाचे: नाही, अधिक, उणे, उलट, अर्धवट, शिवाय आणखी, भलतेच. प्रवाह नाहीच आला तर? अधिक आला तर? उलट गेला तर? प्रत्येक वेळी असे होण्याचे कारण काय, परिणाम काय, ते झाल्याचे कोणास कसे कळेल, आणि उपाय काय, हे लिहून ठेवावयाचे. आराखडा करणारा, कारखाना चालवणारा, यंत्रे व उपकरणे सांभाळणारा, असे निरनिराळ्या कामांचे लोक एका टेबलाभोवती बसलेले असतात, कारण एकाला जे अशक्य वाटते ते दुसऱ्याने गेल्याच महिन्यात पाहिलेले असते.

‘उलट’ या एका शब्दाकडे थोडे थांबून पाहू. आपल्याकडे अनेक गावांत नगरपालिकेचे पाणी दिवसातून तास-दोन तास येते. नळाला लावलेल्या रबरी नळीचे तोंड बादलीत बुडालेले असते. पाणी जाते तेव्हा जमिनीतील नळात पोकळी होते, आणि बादलीतले पाणी मागे ओढले जाते. गटारालगत कोठे नळ फुटलेला असला तर घाण आत शिरते तीही याच वेळी. नळ टाकणाऱ्याने पाणी पुढे येईल एवढेच मनात आणलेले असते. मागे जाईल, हे त्याच्या नकाशात कोठेच काढलेले नसते, आणि साथ आल्यावर ते ध्यानात येते. रसायनांच्या कारखान्यात हेच घडते, फक्त बादलीतील पाण्याच्या जागी दुसरे काही असते. अमोनिया आणि इथिलीन ऑक्साइड यांचा संयोग करणाऱ्या एका कारखान्यात अमोनिया उलट दिशेने, परतीचा प्रवाह अडवणारे व्हॉल्व्ह ओलांडून, इथिलीन ऑक्साइडच्या साठ्याच्या टाकीपर्यंत पोहोचला. पंपाला वाढत्या दाबापासून वाचवण्यासाठी जी मोकळी वाट ठेवली होती तिनेच तो पंपाच्या मागे गेला. टाकी फुटली, वाफ पसरली, स्फोट झाला. पंप असताना उलट प्रवाह होणार नाही, असे कोणालाही वाटले असते. ‘उलट’ हा शब्द प्रत्येक नळापुढे उच्चारण्याची सक्ती असते ती एवढ्यासाठीच.

या पद्धतीचा पुरस्कार ज्यांनी हयातभर केला त्यांत ट्रेव्हर क्लेट्झ यांचे नाव अग्रभागी येते. जन्म १९२२, मृत्यू २०१३. त्याच कंपनीत वर्षानुवर्षे प्रत्यक्ष उत्पादनाचे काम केल्यावर १९६८ साली ते सुरक्षेचे सल्लागार झाले. अपघाताची हकिगत गोष्टीसारखी सांगावी, तिच्यातून शिकावे, आणि दोष कामगाराच्या गाफीलपणावर ढकलून मोकळे होऊ नये, हा त्यांचा बाणा. माणूस चुकणारच, तो चुकला तरी अनर्थ होऊ नये असा कारखाना बांधा, असे ते म्हणत. एका पायाच्या स्टुलावर भिस्त ठेवणाऱ्या परंपरेला दिलेले हे उत्तर होते, असे आम्ही समजतो.

हॅझॉपची माहिती त्या कंपनीबाहेर छापून प्रसिद्ध झाली १९७४ साली. आणि त्याच वर्षी, १ जून रोजी, फ्लिक्सबरो घडले.

पूर्व इंग्लंडात ट्रेंट नदीजवळ फ्लिक्सबरो हे खेडे आहे. तेथे नायलॉनसाठी लागणारे कॅप्रोलॅक्टम तयार होई. सायक्लोहेक्झेन हा पेट्रोलसारखा ज्वालाग्राही द्रव सुमारे १५५ अंश उष्णतेवर आणि हवेच्या सुमारे नऊपट दाबाखाली एकापुढे एक अशा सहा मोठ्या रिॲक्टरांतून वाहत असे, आणि त्यात हवा सोडत. मार्च महिन्याच्या २७ तारखेला पाचव्या रिॲक्टरमधून गळती दिसली. पाहतात तो अंगाला सुमारे सहा फुटांची उभी चीर! त्याआधी एका लहान गळतीवर खबरदारी म्हणून बाहेरून पाणी सोडले जात होते. त्या पाण्यात नायट्रेटचा अंश होता, आणि त्याने पोलादाला चीर पाडली, असे पुढे निष्पन्न झाले. धोका आवरण्यासाठी केलेल्या उपायातून नवा धोका कसा जन्मतो, याचे हे उदाहरण विसरण्यासारखे नाही.

उत्पादन बंद ठेवणे कोणास नको होते. पाचवा रिॲक्टर काढून चौथा व सहावा एका नळाने जोडावा, असे ठरले. रिॲक्टरांची तोंडे २८ इंच व्यासाची, आणि हाताशी असलेला पाइप २० इंची. शिवाय दोन्ही तोंडे एका पातळीवर नव्हती, म्हणून नळाला दोन ठिकाणी वाक देणे भाग पडले. नळाच्या दोन्ही टोकांना भात्याप्रमाणे लवणारे सांधे होते. या नळाचा नकाशा काढला गेला नाही. कार्यशाळेच्या फरशीवर खडूने आकृती काढली, तेवढीच. लवणाऱ्या सांध्यांमध्ये वाकडा नळ बसवला आणि आत दाब आला म्हणजे तो पिळवटून बाहेर ढकलला जाईल, याचा हिशेब कोणी केला नाही. खाली आधार होता तो परांचीच्या नळ्यांचा. कारखान्याचे मुख्य यंत्र अभियंते त्या वर्षाच्या प्रारंभीच नोकरी सोडून गेले होते आणि त्यांची जागा रिकामी होती. म्हणजे हा हिशेब करावयास हवा, हे ज्याला सुचले असते असा माणूसच त्या फरशीपाशी उभा नव्हता.

दोन महिने तो नळ टिकला. ओपाऊचे वीस हजार सुरुंग येथे आठवतात. १ जूनच्या शनिवारी दुपारी पाचच्या आत काही मिनिटे तो निखळला. टनावारी सायक्लोहेक्झेनची वाफ बाहेर पडून ढग झाला, आणि तो पेटला. २८ माणसे मेली. त्यांतील १८ नियंत्रण कक्षात होती. त्या कक्षातून कोणीही जिवंत बाहेर आले नाही. कचेरीची इमारतही उद्ध्वस्त झाली, परंतु शनिवार असल्याने तीत माणसे नव्हती. सोमवार असता तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही. आसपासच्या खेड्यांत सुमारे अठराशे घरांचे नुकसान झाले.

नव्या कारखान्याचा नकाशा कितीही तपासला तरी कारखाना नकाशाप्रमाणे राहत नाही. उद्या कोणीतरी नळ बदलतो, टाकी हलवतो, व्हॉल्व्ह काढून टाकतो. प्रत्येक बदल, मग तो तात्पुरता का असेना, मूळ आराखड्याइतक्याच कसोशीने तपासावा, हा नियम फ्लिक्सबरोनंतर रूढ होत गेला. तात्पुरत्या कामाचे आयुष्य फार मोठे असते, हे आपणा भारतीयांस सांगण्याची आवश्यकता नाही.

क्लेट्झ यांनी मात्र याहून निराळा प्रश्न विचारला. नळ कसा निखळला याची चर्चा सारे करीत होते. त्यांनी विचारले की एवढा सायक्लोहेक्झेन तेथे होताच कशासाठी? एका फेरीत त्यातील शेकडा सहाच्या आसपास भाग उपयोगी पडे. उरलेला पुन्हा पुन्हा फिरवावा लागे. म्हणून साठा प्रचंड, म्हणून भांडी प्रचंड, म्हणून ढगही प्रचंड. १९७७ च्या डिसेंबरात दिलेल्या एका व्याख्यानाला त्यांनी जे आपल्याजवळ नाही ते गळणार नाही, अशा अर्थाचे शीर्षक दिले. गळती अडवण्याच्या युक्त्या वाढवण्याआधी गळण्याजोगे द्रव्यच कमी करता येईल का ते पाहा, हा त्याचा गाभा.

वस्तुतः हे नायट्रोग्लिसरीनवाल्यांनी करून दाखवले होते. एक टनाचे भांडे आणि स्टुलावरचा माणूस यांच्या जागी त्यांनी सतत वाहणारी पद्धत आणली. १९५० नंतरच्या सुधारलेल्या रीतीत आम्लाच्या वेगाने ग्लिसरीन ओढले जाते, मिश्रण एक-दोन मिनिटांत पुढे जाते, आणि एका वेळी तेथे काही किलोच स्फोटक असते. आम्लाचा प्रवाह थांबला की ग्लिसरीनही आपोआप थांबते. जागे राहण्याचे काम कोणावर उरलेच नाही.

येथे त्या गळून पडलेल्या प्रश्नाकडे वळू. १९६३ साली जे तंत्र उसने घेतले होते त्यात ‘हे असेच का, दुसऱ्या रीतीने का नाही’ हा प्रश्न होता. हॅझॉप घडवताना तो मागे पडला, आणि ‘ठरल्याप्रमाणे झाले नाही तर काय’ हा प्रश्न उरला. तोही मोलाचा आहे. पण तो नळ तेथे आहे हे मान्य करून मग पुढे जातो. नळ, टाकी, साठा हवाच कशाला, हे विचारण्याची वेळ त्याआधीची आहे, नकाशा पक्का होण्यापूर्वीची. पक्क्या नकाशावर हा प्रश्न विचारणारा माणूस कोणासच आवडत नाही.

भोपाळला हा प्रश्न वेळीच विचारला गेला असता तर? २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले. ते कोणत्या वाटेने शिरले याविषयी मोठा वाद झाला. परंतु टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, निसटता वायू जाळणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठी सोडवलेला होता, आणि वायू धुऊन काढणारी यंत्रणा त्या प्रपातापुढे टिकणारी नव्हती. धोका आवरण्याची साधने नकाशावर सगळी होती. ती चालू ठेवण्यास रोज पैसा आणि माणसे लागतात, आणि कारखाना तोट्यात गेला की पहिली काटकसर तेथे होते. मृतांची संख्या सरकारी हिशेबानेही हजारांत गेली. पिढ्यांवर झालेले परिणाम निराळेच.

मिथिल आयसोसायनेट हा त्या कारखान्याने विकावयाचा माल नव्हता. कीटकनाशक करण्याच्या वाटेवरील ते एक मधले द्रव्य होते. फॉस्जीन आणि मिथिल अमाइन यांपासून ते करीत, आणि त्यात अल्फा नॅफ्थॉल घालून कीटकनाशक मिळे. हीच तीन द्रव्ये निराळ्या क्रमाने एकत्र आणली, आधी फॉस्जीन व नॅफ्थॉल आणि मग मिथिल अमाइन, तरी तेच कीटकनाशक तयार होते. मिथिल आयसोसायनेट वाटेत कोठेच येत नाही. फॉस्जीनचे विष तेव्हाही राहतेच, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि जुन्या वाटेनेच जावयाचे म्हटले तरी मधले द्रव्य होईल तसे वापरून टाकता येते. साठवण सोयीची होती, आवश्यक नव्हती.

इटलीत सेव्हेसो येथे १० जुलै १९७६ रोजी विषारी ढग पसरल्यावर युरोपीय देशांनी १९८२ साली मोठ्या धोक्यांचा एक संयुक्त कायदा केला होता. अमुक द्रव्य इतक्या प्रमाणाहून अधिक असेल तर मालकाने धोक्यांचा लेखी अहवाल द्यावा, अशी त्याची रचना. भोपाळनंतर १९८७ मध्ये तीत मिथिल आयसोसायनेटची मर्यादा एक टनावरून १५० किलोवर आणली गेली. त्याच वर्षी आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपास राहणाऱ्या जनतेलाही देण्याचे बंधन तिने मालकावर घातले. १९८९ च्या नियमांत सुरक्षा अहवाल आणि कारखान्याबाहेरील वस्तीसाठी संकटकाळची योजना आली. १९९६ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट आणले.

या कागदांत नागरिकाने प्रथम काय पाहावे, असे कोणी विचारील. आम्ही सुचवू की साठ्याचा आकडा पाहावा: कोणते द्रव्य, एका वेळी किती, आणि तेवढे कशासाठी. तो आकडा समजण्यास इंजिनियर असावे लागत नाही. युरोपच्या कायद्याने १५० किलोला धोक्याची रेघ ओढली. भोपाळच्या त्या एका टाकीत त्या रात्री सुमारे चाळीस टन होते.